‘फक्त नेहमीसारखे वागा’ : घरी येऊन फोटो काढणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आधी तारे सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पाचपैकी तीन. माणूस वेळेवर आला, सभ्य वागला, फोटो देखणे आहेत आणि कबूल केलेल्या दिवशी मिळाले. दोन तारे का कापले हे सांगायला मात्र जागा लागेल, कारण त्यातला एक त्यांचा आहे आणि एक आमचा.

सेवा अशी: फोटोग्राफर सकाळी तुमच्या घरी येतो, दुपारपर्यंत थांबतो आणि तुमचं रोजचं जगणं टिपतो. स्टुडिओ नाही, मागे रंगीत पडदा नाही, ‘इकडे बघा, हसा’ नाही. माहितीपत्रकात ‘कृत्रिम काहीच नाही’ हे इतक्या वेळा लिहिलंय की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे फोटो हातात आल्यावर.

मी हे घेतलं कारण थोरली सोळाची झाली. दोन वर्षांत ती शिकायला बाहेर पडेल. धाकटा नऊ वर्षांचा आहे. चौघे एकत्र असलेला आमचा शेवटचा फोटो सहा वर्षांपूर्वीचा, रस्त्यातल्या एका अनोळखी माणसाला विनंती करून काढलेला, आणि त्यात डाव्या कोपऱ्यात त्या माणसाचं बोट आलंय. बाकीचे सगळे मीच काढलेले. आमच्या अल्बमवरून कुणी अंदाज बांधला तर त्याला वाटेल, या मुलांना आई नाही, आईची सावली तेवढी आहे. दुपारच्या फोटोंत ती जमिनीवर पडलेली दिसते.

दुसरंही एक कारण होतं, ते मी फॉर्मवर लिहिलं नाही. आम्ही उपनगरात राहतो. एकसारख्या चाळीस रो-हाउसेसची वसाहत, प्रत्येकाला पुढे गाडी उभी करण्यापुरती जागा, त्याच रंगाचं फाटक. कर्ज निम्म्याच्या वर फिटलंय. मुलं बरी निघालीत. घरात कुणी आजारी नाही. आणि गेलं वर्षभर मला असं वाटत राहतं, की मी कुणातरी चांगल्या कुटुंबाचं घर सांभाळायला ठेवलेली बाई आहे. सगळं वेळच्या वेळी करते, पण मालक मंडळी कधी परत येणार ते मला माहीत नाही. हे कुणाला सांगायचं कसं? बिघडलेलं काहीच नाही, त्यामुळे तक्रारीला तोंडच फुटत नाही. म्हटलं, बाहेरच्या एका माणसाने अर्धा दिवस बघावं आणि इथे नक्की काय दिसतं ते दाखवावं. सर्व्हे करून घेतात ना, तसं.

सर्व्हे हा शब्द सहज आला, कारण माझं कामच ते आहे. मी विम्याचे क्लेम तपासते, घरांचे. पाइप फुटला, छत गळलं, शॉर्टसर्किटने भिंत काळी पडली, की लोक फोटो पाठवतात आणि मी ते बघते. दिवसाला शंभरेक तरी. एक गोष्ट मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकते: लोक स्वतःच्या घराचा खरा फोटो फक्त नुकसान झाल्यावर काढतात. पाणी घोट्यापर्यंत आलेलं असतं तेव्हा मागच्या दोरीवरचे कपडे बाजूला करायचं कुणाला सुचत नाही. लोकांच्या पलंगाखालचं, कपाटावरचं, दारामागचं सगळं मला पाठ आहे.

आठवडाभर आधी एक प्रश्नावली आली. तुमची रविवारची सकाळ कशी असते, तुम्ही चौघे मिळून कशावर हसता, घरातला सगळ्यांचा आवडता कोपरा कोणता, असे वीस-बावीस प्रश्न. मी रात्री बसून भरली. नवरा झोपला होता. सकाळी थोरलीने ती माझ्या लॅपटॉपवर वाचली आणि विचारलं, “आई, हे लोक कोण आहेत? आपल्याला त्यांच्याकडे राहायला जाता येईल का?”

मी त्यात लिहिलं होतं की रविवारी आम्ही पलंगावर लोळत गप्पा मारतो. शेवटचं असं केव्हा झालं होतं ते आठवून बघितलं. धाकटा तेव्हा चालायला शिकत होता.

मग कपड्यांच्या सूचना. मातकट, फिका निळा, पांढुरका असे रंग. छातीवर अक्षरं नकोत, चौकड्या नकोत. आमच्या घरात असा एकही कपडा नव्हता, म्हणजे नैसर्गिक दिसण्यासाठी आम्हाला चौघांनाही नवे कपडे घ्यावे लागले. हे मी त्यांच्या नावावर तक्रार म्हणून लिहीत नाही. सूचना ऐच्छिक होत्या. ऐच्छिक सूचना तंतोतंत पाळणारं आमचं घर आहे, हा भाग वेगळा.

घर आवरायला तीन दिवस लागले. ‘आवरलं’ म्हणजे मागच्या खोलीत कोंबलं. कपडे वाळवायचा स्टँड, प्रिंटर, नवऱ्याची व्यायामाची सायकल (तिच्यावर टॉवेल वाळतात), पाय मोडलेली खुर्ची, गेल्या घरातून आल्यापासून न उघडलेली तीन खोकी. दार ओढून घेतलं. एर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. माणसं एकमेकांपुढे रोज नाटक कसं वठवतात यावर त्यांनी १९५६ मध्ये लिहिलं, आणि त्यासाठी ते शेटलंड बेटांवरच्या एका लहानशा हॉटेलात जाऊन राहिले होते. तिथलं स्वयंपाकघराचं दार हा रोजचा तंटा होता. मालकांना ते बंद हवं, म्हणजे आतलं पाहुण्यांना दिसू नये. जेवण वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं, कारण हातात थाळ्या. आमच्याकडे तंटा नव्हता. फोटोग्राफरने फिरता फिरता त्या दाराकडे बोट केलं आणि विचारलं, “इथे काय आहे?” तर आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, “काही नाही.” त्या दिवशी न ठरवता आम्ही एकत्र केलेली ती पहिली गोष्ट. तिचा फोटो नाही.

तिघांनी म्हटलं, कारण नवरा तेव्हा नुकताच बाहेरून येत होता. घड्याळातले सेल संपले होते, फोटोत भिंतीवरचं घड्याळ बंद दिसायला नको म्हणून साडेआठला आणायला गेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ कामाबद्दल. मुलगा तिशीतला, शांत, जड पिशवी, दोन कॅमेरे. पायातले बूट न सांगता बाहेर काढले. धाकट्याला पहिल्या पाच मिनिटांत कॅमेरा गळ्यात घालू दिला, तिथे त्याने मला जिंकलं. फ्लॅश अजिबात नाही, खिडकीचा उजेड वापरतो. आणि तो खरंच गप्प राहतो. म्हणजे पहिला तासभर. नंतर त्याच्या लक्षात आलं असावं, की आम्ही आपापल्या जागी चार पुतळ्यांसारखे उभे आहोत आणि कुणीतरी काहीतरी सुचवलं नाही तर दुपार अशीच जाईल. मग सुरू झालं. “ताई, खिडकीपाशी उभ्या राहा, जशा रोज राहता तशा.” मी रोज खिडकीपाशी उभी राहत नाही. खिडकीखाली शू-रॅक आहे. “दादा, हात खिशातून काढा. हं, आता जरा खांद्यावर. ताईंच्या. सहज.” सोळा वर्षांच्या मुलीला “भावाला गुदगुल्या कर” असं सांगितलं तर ती काय नजरेने बघते हे ज्यांच्या घरी सोळा वर्षांची मुलगी आहे त्यांना सांगायला नको.

पलंगावरच्या सकाळचा प्रसंग अकरा चाळीसला घेतला. पडदे ओढून, परत पायजमे घालून. उशांची मारामारी झाली. दुसऱ्याच फटक्यात उशीच्या खोळीची चेन धाकट्याच्या डोळ्याखाली लागली आणि तो रडायला लागला. खोटं नाही, भोकाड. थोरलीने त्याला जवळ ओढून डोळ्यावर फुंकर घातली. तो चार वर्षांचा असताना ती तशीच फुंकर घालायची, मी विसरूनच गेले होते. मी मान वळवून बघितलं, तर फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला होता. “पाणी द्या त्याला,” म्हणाला.

याला मी शाबासकी देऊ की तारा कापू, यावर माझा अजून निर्णय झालेला नाही. माणूस म्हणून त्याचं बरोबर होतं. पण मी पैसे मोजले होते ते त्या फुंकरीचे.

एक फोटो मात्र असा निघाला की त्यासाठी सगळं माफ करावं. त्याने नवऱ्याला सांगितलं, ताईंच्या कानात काहीतरी बोला. या लोकांचा हा ठरलेला हुकमी डाव असतो म्हणे. नवरा वाकला आणि कुजबुजला, “गाडीचा विमा पंधरा तारखेला संपतोय.” मला विम्याच्या बाईला! मी अशी हसले की तोल जाऊन कपाटाला टेकले. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये चेहऱ्यावर विजेचे हलके झटके देऊन कोणता स्नायू काय करतो हे नोंदवलं होतं. त्याचं म्हणणं, ओठांचे कोपरे माणूस मनात आणलं की वर नेऊ शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकूम ऐकत नाही, तो खऱ्या आनंदातच आवळतो. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बऱ्याच जणांना डोळ्यांचंही नाटक जमतं. मला जमत नाही. बासष्ट फोटोंपैकी एकसष्टांत माझे डोळे गुळगुळीत आहेत आणि या एकात कडेला चांगल्या चार-चार सुरकुत्या आहेत. आता तो हॉलमध्ये लागलाय. येणारा प्रत्येकजण विचारतो, काय म्हणाला असेल तो कानात! आम्ही सांगत नाही.

तीन आठवड्यांनी फोटो आले, ऑनलाइन अल्बममध्ये, डाउनलोडची सोय नीट. दर्जाबद्दल वाद नाही. रंग मऊ, कातडी मातीच्या रंगाची न दिसता माणसाची दिसते, अंधाऱ्या जिन्यातले फोटोसुद्धा रवाळ झालेले नाहीत. मी हौशी माणूस नाही, फोटो बघणं हे माझं पोट आहे, त्यामुळे माझ्या या वाक्याला थोडी किंमत द्या.

पण हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर, खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, ओल आहे. तळहाताएवढी, कडेला पिवळसर, पावसाळ्यानंतर जरा वाढते. गेली दोन वर्षं मी तिच्याकडे रोज बघते. फोटोंत ती नाही. पुसलीय. त्याच हाताने स्विचबोर्ड पुसलाय, पडद्याचा उसवलेला काठ शिवलाय, आणि थोरलीच्या भुवईतली खूण काढून टाकलीय. ही खूण चार वर्षांची असताना सायकलवरून पडली तेव्हाची. भुवई तिथे दोन केस सोडून पुढे जाते. तिने तो फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला, परत मोठा केला. मग आरशात जाऊन बघून आली.

“छान आहे,” म्हणाली. “पण ही मी नाहीये, ही तुझ्या प्रश्नावलीतली आहे.”

न विचारता एडिट करण्याबद्दल एक तारा गेला तो इथे. मी कळवल्यावर दोन दिवसांत भुवई परत आली, काही जादा न घेता. ओल परत मागितली तेव्हा समोरून थोडा वेळ काही उत्तर आलं नाही. मग “नक्की का?” असं आलं. नक्की, म्हटलं. तीही आली.

आता माझा धंद्याचा खोडसाळपणा. डिजिटल फोटोच्या पोटात त्याची टाचण असते, एक्झिफ म्हणतात तिला. १९९५ मध्ये जपानमध्ये ही पद्धत ठरली. कोणत्या क्षणी काढला, कोणती लेन्स, शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश उडाला का, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मुद्दाम पुसलं नाही तर ती फोटोबरोबर फिरते. क्लेममध्ये मी आधी ती बघते आणि मग फोटो. तशी मी आमच्या बासष्ट फोटोंचीही बघितली. ‘पहाटेचा आळस’ अकरा चाळीस. ‘झोपण्यापूर्वीची गोष्ट’ दुपारी बारा दहा. ठीक आहे, तिथे मी स्वतःच हजर होते. पण फाइलींचे क्रमांक बघितले, तर एका फोटोनंतर पुढचा थेट एकोणीस आकड्यांनी पुढे. मग अकरांनी. मग त्रेचाळीस. क्लेमच्या फाइलमध्ये अशी भोकं दिसली तर मी फोन करते. इथेही केला.

त्यांचा नियम असा, की नाकारलेले फोटो देत नाहीत. करारात लिहिलंय, माझी सही आहे. नियम चुकीचा नाही. शिंप्याकडे कोणी कात्रणं मागत नाही. मी म्हटलं, फोटो नकोत, नुसते बघू द्या. त्याने दोन दिवस घेतले आणि मग एक कॉन्टॅक्ट शीट पाठवली, टपाल तिकिटाएवढी आठशेच्या वर चित्रं, प्रत्येकाखाली क्रमांक आणि वेळ. हे त्याने न पाठवलं तरी चाललं असतं. तिसरा तारा त्याच्या नावावर टिकून आहे तो या शीटमुळे.

ती मी रात्री बसून सगळी बघितली. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की निवडलेल्या फोटोंत आम्ही बहुतेक दोघं, तिघं, चौघं आहोत, आणि नाकारलेल्यांत बहुतेक एकेकटे. थोरली जिन्याच्या मधल्या पायरीवर, एका कानात इअरफोन, दुसरा गुडघ्यावर लोंबतोय, भिंतीकडे बघतेय. धाकटा सोफ्याच्या मागे, तोंडात कॅमेऱ्याचा पट्टा. मी स्वयंपाकघरात, पाठमोरी, दोन्ही हात ओट्याच्या कडेवर, नळ चालू. मला तो क्षण आठवत नाही. नळ मी का चालू ठेवला होता ते मात्र माहीत आहे. पाण्याचा आवाज येत असला की कुणी हाक मारत नाही, सगळ्यांना वाटतं मी कामात आहे.

त्याला विचारलं, हे का नाही घेतले? त्याने सरळ सांगितलं, “एकटा माणूस अल्बममध्ये उदास दिसतो, ताई. लोक म्हणतात आम्ही असे नाही आहोत.”

आम्ही असे नाही आहोत. मी ते वाक्य त्या रात्री बराच वेळ धरून बसले.

उपनगर नावाच्या गोष्टीला हे दुखणं जुनं आहे. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट या घरबांधणीच्या धंद्यातल्या मंडळींनी १९४७ मध्ये बटाट्याच्या शेतांवर घरं बांधायला घेतली. कारखान्यासारखी, कामाचे सत्तावीस टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याची टोळी वेगळी, घरामागून घर. सतरा हजारांहून जास्त झाली. हिरवळ वेळच्या वेळी कापायची, कुंपण घालायचं नाही, असे नियम. करारनाम्यात गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही हेही होतं, म्हणजे एकसारखेपणा घरांपुरता नव्हता. तेव्हापासून अशा वसाहतींवर लिहिणाऱ्यांनी आतल्या माणसांना पोकळ म्हणून हिणवलंय आणि आतल्यांनी ‘आम्ही असे नाही आहोत’ म्हटलंय. मला या भांडणात जे आवडतं ते बिल ओवेन्सचं काम. हा कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. १९७०च्या आसपास तो आपल्याच भागातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जायचा, त्यांना त्यांच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये उभं करायचा आणि फोटो काढायचा. खाली त्यांचीच वाक्यं छापायचा. त्यातली बरीच माणसं लेन्सकडे बघून, सांगून-सवरून, पोज देऊन उभी आहेत. आणि गंमत म्हणजे तिथे तुम्हाला खोली दिसते, माणसं दिसतात, त्यांना काय अभिमानाने दाखवायचंय ते दिसतं आणि त्याच्या बाजूला काय राहून गेलंय तेही. ‘माझा फोटो निघतोय’ हे ज्याने कबूल केलंय त्याच्याकडे लपवायला एक गोष्ट कमी असते. आमच्या बासष्टांतला प्रत्येकजण ‘मला कॅमेरा दिसलाच नाही’ असं दाखवतोय. त्यातच सगळी शक्ती खर्च झालीय.

म्हणून एक सूचना, बुकिंग करणार असाल तर: शेवटी एक साधा फोटो मागा. दारात ओळीने उभे राहून, कॅमेऱ्याकडे बघून. आमचा फोटोग्राफर नाखूष झाला, त्याच्या शैलीत ते बसत नाही म्हणाला, पण काढला. त्यात धाकट्याचा डोळा सुजलाय, थोरली मला चिकटून उभी आहे कारण उन्हात तिला डोळे उघडवत नाहीत, आणि नवऱ्याच्या हातात अजून सेलची पिशवी आहे.

सेलची पिशवी. तिच्याकडे येते.

कॉन्टॅक्ट शीटच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, सात चित्रं होती ती घराच्या बाहेरून घेतलेली. फोटोग्राफर नऊचा म्हणून आठ एक्कावन्नला आला होता आणि बेल वाजवण्याआधी समोरच्या फुटपाथवरून उजेड मोजत होता. आमचं फाटक, आमची भिंत, आमची गाडी. गाडीत नवरा.

सेलचं दुकान चालत पाच मिनिटांवर आहे. तो गाडीने गेला होता आणि परत आला होता, दारात. खिडक्या वर, सीट थोडी मागे केलेली, डॅशबोर्डवर ती पिशवी. पहिल्या तीन चित्रांत तो समोर बघतोय. चौथ्यात डोळे मिटलेत. पाचव्यात पोट खाजवतोय. सहाव्यात घराकडे बघतोय, आणि सातव्यात परत समोर. सात चित्रांना मिळून चार मिनिटं लागली आहेत. बेल वाजली नऊला, आणि त्यानंतर तो आत आला, “अरे, आलात का!” म्हणत.

मी ते मोठं करता येईल तितकं मोठं करून बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. दुःखी म्हणावा तर तसा नाही. दवाखान्यात बसलेला माणूस, ज्याचा नंबर इतक्यात लागणार नाही आणि त्याला त्याची काही घाई नाही, तसा.

त्याला लगेच नाही सांगितलं. पण माझी सवय वाईट, मी वेळा टिपायला लागले. संध्याकाळी फाटक वाजतं सहा अठ्ठावन्नला, सातला. इंजिन बंद होतं. घराचं दार उघडतं सात अठरा, सात वीस. मी वर्षानुवर्षं समजत होते की तो सव्वासातनंतर पोचतो. आणि मी वर्षानुवर्षं साधारण त्याच वेळी नळ चालू करून ओट्याशी उभी असते, मध्ये एक भिंत.

मागच्या गुरुवारी नळ बंद केला आणि बाहेर गेले. काचेवर टकटक केली. तो दचकला, मग त्याने पलीकडच्या सीटवरची बॅग उचलून मागे टाकली आणि लॉक काढलं. मी बसले. काय झालं, म्हणाला. काही नाही, म्हटलं. गाडीत घामाचा, रबराचा आणि कसल्यातरी जुन्या गोळीचा वास येतो, तो मला इतका ओळखीचा आहे हे मला माहीत नव्हतं. मी मोबाइल काढून सातवं चित्र त्याच्यापुढे धरलं.

त्याने ते दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं.

“हा नाही दिला त्याने?”

“एकटा माणूस उदास दिसतो म्हणे.”

“उदास कुठे आहे?” तो म्हणाला. “बरा बसलोय की.”

आतला दिवा आपोआप विझला. मग आम्ही विम्याबद्दल बोललो. पंधरा तारीख उलटून गेली होती. भरला होता का त्याने? भरला होता. वरच्या खिडकीत थोरली येऊन गेली. तिने आम्हाला बघितलं आणि पडदा ओढून घेतला, पाच मिनिटांनी धाकट्याला खाली पाठवलं, आम्ही भांडतोय का बघायला.

दुसरा तारा का कापला, हे राहिलंच की. तो आमचा. माणूस घराचा सर्व्हे करायला बोलवायचा आणि मागच्या खोलीला कुलूप घालायचं, मग अहवालात काय येणार? माझ्याकडे असा क्लेम आला असता तर मी परत पाठवला असता.

बाकी व्यवहाराचं: छापील प्रतींचे पैसे वेगळे, कागद जाड आणि चांगला, चमकदार घेऊ नका, बोटांचे ठसे उठतात. कॉन्टॅक्ट शीटमधलं एखादं चित्र हवं असेल तर मोठ्या आकारात करून देतात, पण मागावं लागतं. सातवं मी मागवलंय. एडिटिंग नको असं स्पष्ट कळवलंय. कुठे लावायचं ते ठरलं नाही. मागच्या खोलीत भिंत रिकामी आहे, पण ओल आता तिकडूनही दिसायला लागलीय, आधी तिचं बघावं लागेल.